रात्रीचा दर खाली आला, तरी लांब मुदतीचे रोखे का पडले?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. केंद्रीय बँक व्याजदर कमी करणार, हे सगळीकडे बोललं जात होतं. दर उतरले की रोख्यांच्या किमती चढतात, हे तुम्ही वाचलं होतं. म्हणून बचतीचा मोठा हिस्सा तुम्ही लांब मुदतीच्या सरकारी रोख्यांच्या फंडात घातला. पुढे दर खरोखरच उतरले, पण फंड चढायच्या ऐवजी घसरला. आता सरकारांवरच्या वाढत्या कर्जाच्या बातम्या वाचून तुम्ही विचारताय, की सरकारी रोखे सुरक्षित राहिलेत का आणि तोटा सोसून बाहेर पडावं का.

सरकारी रोख्यांच्या खरेदी-विक्रीत माझी पंचवीसहून अधिक वर्षं गेली. या काळात हाच प्रश्न मला अनुभवी लोकांनीही विचारलाय, त्यामुळे स्वतःला दोष देऊ नका. मात्र तुमच्या प्रश्नात तीन वेगळ्या गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत: केंद्रीय बँकेचा दर, रोख्याची बाजारातली किंमत आणि सरकारची परतफेडीची ताकद. त्या सुट्या केल्या की पुढचा निर्णय बराच सोपा होतो.

आधी एक सांगते. हे पैसे तुम्हाला कधी लागणार, तुमचा खर्च ज्या चलनात होतो त्याच चलनातले हे रोखे आहेत का, फंडाची ड्युरेशन (यील्ड, म्हणजे बाजारातला परताव्याचा दर, एक टक्का बदलला की किंमत साधारण किती टक्के हलते, तो आकडा) किती आणि या रकमेखेरीज हाताशी किती आहे, यातलं काहीच तुमच्या प्रश्नात नाही. या चार उत्तरांवर माझा सल्ला अगदी उलटाही होऊ शकतो. म्हणून ‘विका’ किंवा ‘ठेवा’ असं मी सांगणार नाही. मी स्वतः हा निर्णय कसा घेते, ते सांगते.

केंद्रीय बँक जो दर जाहीर करते, तो जवळजवळ सगळ्या देशांत एका रात्रीच्या किंवा फार तर काही दिवसांच्या पैशाचा दर असतो. तीस वर्षांच्या पैशाचा भाव बाजार ठरवतो. हा फरक किती ताणला जाऊ शकतो, ते अमेरिकेत दिसलं. १८ सप्टेंबर २०२४ ला फेडरल रिझर्व्हने, म्हणजे तिथल्या केंद्रीय बँकेने, दर अर्धा टक्का उतरवला, मग नोव्हेंबरमध्ये पाव टक्का आणि डिसेंबरमध्ये आणखी पाव. तीन बैठकांत मिळून एक टक्का झाला. सप्टेंबरच्या मध्यावर दहा वर्षांच्या अमेरिकी सरकारी रोख्याचा यील्ड, म्हणजे त्या दिवशीच्या भावाने रोखा घेऊन मुदतीपर्यंत ठेवला तर वर्षाला मिळणारा परतावा, ३.६ टक्क्यांच्या आसपास होता; रोख्याचा भाव पडला की यील्ड चढतो. जानेवारी २०२५ च्या मध्यावर तो ४.८ टक्क्यांजवळ पोचला. रात्रीचा दर एक टक्का खाली आला आणि दहा वर्षांचा दर एक टक्क्याहून जास्त वर गेला.

असं का झालं? लांब मुदतीच्या यील्डमध्ये दोन भाग असतात. पुढच्या दहा-वीस वर्षांत रात्रीचा दर सरासरी किती राहील, याचा बाजाराचा अंदाज हा पहिला. दुसरा भाग म्हणजे टर्म प्रीमियम: इतकी वर्षं पैसे अडकवून ठेवण्याचा आणि दरम्यान काय होईल ते माहीत नसण्याचा मोबदला. दरकपातीची बातमी यायच्या कितीतरी आधीच पहिला भाग हललेला असतो. सप्टेंबर २०२४ मध्ये बाजाराने अजून न झालेल्या पुढच्या कपातीही किमतीत धरून ठेवल्या होत्या. मग अर्थव्यवस्था अपेक्षेपेक्षा दमदार निघाली, महागाई पूर्ण निवळलेली दिसेना, आणि त्यातल्या काही कपाती होणार नाहीत हे लक्षात आलं. म्हणजे दर कमी होत असतानाच पुढच्या दरांचा अंदाज वर सरकला. तुम्ही कपातीवर पैसे लावले. बाजारात मात्र पैसे मिळतात ते अपेक्षेपेक्षा जास्त झालेल्या कपातीवर.

तुमचा कर्जाचा मुद्दा येतो तो टर्म प्रीमियमच्या भागात. सरकारची तूट वाढली की तितके जास्त रोखे विक्रीला येतात आणि कुणीतरी ते घ्यावे लागतात. २००८ नंतर बरीच वर्षं यातला मोठा वाटा केंद्रीय बँकांनीच उचलला. फेडरल रिझर्व्हचा ताळेबंद २००८ च्या सुरुवातीला एक लाख कोटी डॉलरच्याही आत होता, २०२२ पर्यंत तो नऊ लाख कोटींच्या घरात गेला. भावासाठी घासाघीस न करणारं हे गिऱ्हाईक होतं. जून २०२२ पासून पुढची तीनेक वर्षं त्याने हात आखडता घेतला आणि मुदत संपलेल्या रोख्यांच्या जागी पूर्वीइतके नवे घेणं थांबवलं. मग तेवढेच, किंबहुना जास्त रोखे पेन्शन फंड, विमा कंपन्या, परदेशी गुंतवणूकदार आणि तुमच्या-माझ्यासारख्यांनी घ्यायचे होते. आम्ही भाव विचारतो. महागाई पुन्हा उसळली तर काय, असंही विचारतो. त्या प्रश्नाची किंमत यील्डमध्ये दिसते.

आता किमतीचं गणित. हे समजून घेतल्याशिवाय रोख्यांच्या फंडात कुणी पैसे घालू नयेत, असं माझं ठाम मत आहे. ४ टक्के कूपन (दर्शनी किमतीवर दरवर्षी मिळणारं ठरलेलं व्याज) असलेला आणि दर्शनी किमतीला विकला जाणारा रोखा घ्या. यील्ड एक टक्का वाढला, तर दोन वर्षांच्या रोख्याची किंमत साधारण १.९ टक्के पडते, दहा वर्षांच्या रोख्याची ८ टक्क्यांच्या आसपास आणि तीस वर्षांच्या रोख्याची १७ टक्क्यांच्या आसपास (तीस वर्षांचा खरा आकडा थोडा कमी येतो, पण अंदाजाला हा पुरतो). यालाच ड्युरेशन म्हणतात. माझ्या टेबलवर मी यावरून आणखी एक आकडा काढते: यील्डला ड्युरेशनने भागायचं. एका वर्षात यील्ड किती चढला तरी वर्षाचं व्याज धरून आपण तोट्यात जाणार नाही, ते यातून कळतं; हीच आपली उशी. दोन वर्षांच्या रोख्यावर ४ टक्के मिळत असतील, तर यील्ड सुमारे दोन टक्के चढेपर्यंत तुम्ही तगता. तीस वर्षांच्या रोख्यावर तेच ४ टक्के मिळत असतील, तर पाव टक्क्यालाच उशी संपते. पाव टक्का यील्ड तर एखाद्या वाईट आठवड्यातही सरकतो.

याचं टोकाचं उदाहरण ऑस्ट्रियाचं आहे. २०२० साली, दर तळाला असताना, ऑस्ट्रियाच्या सरकारने शंभर वर्षांचा रोखा विकला. त्याचं कूपन होतं ०.८५ टक्के. वरच्या पद्धतीने उशी काढली तर ती एका टक्क्याच्या सव्वा शतांशाएवढी येते, म्हणजे नसल्यातच जमा. पुढे युरोपातले दर चढले आणि विक्रीच्या किमतीच्या निम्म्याहूनही खाली हा रोखा गेला. ऑस्ट्रियाने एकही हप्ता चुकवलेला नाही, त्या देशाच्या पतीबद्दल कुणी गंभीर शंकाही घेत नाही. तरीही तो रोखा विकत घेऊन मध्येच विकावा लागला असता, तर निम्म्याहून जास्त रक्कम गेली असती. ‘सुरक्षित’ हा एकच शब्द आपण दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो. सरकार पैसे परत देईल ही एक सुरक्षितता, आणि मला लागतील तेव्हा पूर्ण पैसे हातात असतील ही दुसरी. तुमच्या फंडाला धक्का बसला तो दुसरीत.

मग पहिल्या सुरक्षिततेचं काय? आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने ऑक्टोबर २०२४ मध्ये सांगितलं, की जगातलं सार्वजनिक कर्ज त्या वर्षी १०० लाख कोटी डॉलर ओलांडेल आणि ते जगाच्या एकूण उत्पन्नाच्या सुमारे ९३ टक्के असेल. आकडा भीतीदायक वाटतो. पण कर्जाचा नुसता आकार बघून मला फारसं काही कळत नाही. मी बघते ती व्याज आणि वाढ यांची शर्यत. समजा, सरकारचं कर्ज देशाच्या एकूण वार्षिक उत्पन्नाएवढंच (जीडीपीएवढंच) आहे, म्हणजे १०० वर १००. कर्जावर सरासरी व्याज ३ टक्के आणि महागाईसकट उत्पन्नाची वाढ ५ टक्के असेल, तर व्याज सोडून दरवर्षी उत्पन्नाच्या साधारण २ टक्के तूट ठेवली तरी कर्जाचं प्रमाण आहे तिथेच राहतं. आता व्याज ५ झालं आणि वाढ ४ वर आली असं धरा. त्याच सरकारला प्रमाण स्थिर ठेवायला सुमारे १ टक्का शिल्लक दाखवावी लागेल. २ टक्के तुटीवरून १ टक्का शिलकीवर यायचं म्हणजे उत्पन्नाच्या ३ टक्क्यांएवढे कर वाढवायचे किंवा खर्च कापायचा. कुठल्याही देशात हे राजकीयदृष्ट्या किती जड आहे, ते तुम्हाला माहीत आहेच.

हा फरक एका रात्रीत मात्र लागू होत नाही. जुनं कर्ज जुन्या व्याजावरच चालतं, आणि जसजसं ते फिरवलं जातं तसतसं नवं व्याज झिरपतं. अमेरिकेचं निव्वळ व्याज २०२४ च्या आर्थिक वर्षात ८८,००० कोटी डॉलरच्या आसपास गेलं आणि संरक्षणखर्चाच्या पुढे निघालं, तेही दरवाढ सुरू झाल्यावर दोन वर्षांहून जास्त काळाने. इथे एक बारकावा फार कमी वेळा सांगितला जातो. केंद्रीय बँक लांब मुदतीचे रोखे विकत घेते, तेव्हा त्यांच्या बदल्यात बँकांच्या खात्यात राखीव पैसे जमा करते आणि त्यांवर रात्रीच्या दराने व्याज देते. सरकार आणि केंद्रीय बँक यांचा हिशोब एकत्र मांडला, तर तीस वर्षांचं ठरलेलं कर्ज एका रात्रीच्या बदलत्या कर्जात रूपांतरित झालेलं असतं. दर शून्यावर असताना यात फायदा दिसतो. दर पाचवर गेले की हाच हिशोब उलटा फिरतो आणि केंद्रीय बँका तोट्यात जातात.

आता मूळ प्रश्न: सरकार बुडेल का? स्वतःच्या चलनात कर्ज घेणाऱ्या सरकारला पैसे देता येतील का, ही मला फारशी चिंतेची बाब वाटत नाही. त्या पैशांत तेव्हा काय विकत घेता येईल, याची चिंता मी करते. दुसऱ्या महायुद्धानंतरची अमेरिका बघा. १९४६ साली जनतेकडे असलेलं सरकारी कर्ज उत्पन्नाच्या सुमारे १०६ टक्के होतं. फेडरल रिझर्व्हने १९४२ पासून सरकारच्या सोयीसाठी लांब मुदतीच्या रोख्यांचा यील्ड २.५ टक्क्यांवर धरून ठेवला होता. युद्धकाळातली नियंत्रणं उठली आणि १९४७ साली महागाई १४ टक्क्यांच्या वर गेली. अडीच टक्के मिळवणाऱ्या रोखेधारकाला त्याचा प्रत्येक डॉलर वेळेवर मिळाला, पण त्याची खरेदीशक्ती झपाट्याने गेली. १९५१ च्या मार्चमध्ये सरकार आणि फेडरल रिझर्व्ह यांच्यात समझोता झाला आणि फेडरल रिझर्व्हचे हात मोकळे झाले. १९७४ पर्यंत कर्जाचं प्रमाण २५ टक्क्यांच्या खाली आलं होतं. त्यात खऱ्या वाढीचा आणि अंदाजपत्रकातल्या शिस्तीचाही मोठा वाटा होता. पण कर्जाचा काही भाग रोखेधारकांनी निमूटपणे फेडला, हे विसरू नये.

ज्यांच्या हातात स्वतःचं चलन नसतं, त्यांची गोष्ट वेगळी. ग्रीसचं कर्ज युरोत होतं आणि युरो छापणं ग्रीसच्या हाती नव्हतं. मार्च २०१२ मध्ये खासगी रोखेधारकांना दर्शनी किमतीतले ५३.५ टक्के सोडावे लागले. त्याउलट जपानचं एकूण कर्ज उत्पन्नाच्या दुपटीहून जास्त आहे, पण ते येनमध्ये आहे, मुख्यतः देशातल्याच लोकांकडे आहे आणि जवळजवळ निम्मे रोखे तिथल्या केंद्रीय बँकेकडे आहेत. कर्ज किती आहे याआधी ते कोणत्या चलनात आणि कुणाच्या हातात आहे ते बघा, हे मी सगळ्यांना सांगते ते यासाठीच.

केंद्रीय बँकेची खरी अडचण मला सगळ्यात स्पष्ट दिसली ती २०२२ च्या ब्रिटनमध्ये. महागाई आटोक्यात आणायला बँक ऑफ इंग्लंड दर वाढवत होती आणि जवळचे रोखे विकायच्या तयारीत होती. २३ सप्टेंबरला सरकारने सुमारे ४,५०० कोटी पौंडांची करकपात जाहीर केली. तिची भरपाई कुठून होणार, हे सांगितलं नाही. काही दिवसांतच तीस वर्षांच्या ब्रिटिश रोख्याचा यील्ड ५ टक्क्यांच्या वर गेला. पेन्शन फंडांनी कर्जाऊ पैशांवर लांब रोख्यांचे व्यवहार केले होते. किंमत पडली तसं त्यांच्याकडे जादा तारण मागितलं गेलं, ते भरायला त्यांनी रोखे विकले, त्याने किंमत आणखी पडली, पुन्हा तारणाची मागणी आली. ज्यांनी हे चक्र पडद्यावर बघितलंय, त्यांना तो आठवडा विसरता येणार नाही. भाव विचारला तर पलीकडून उत्तरच येत नव्हतं.

२८ सप्टेंबरला बँकेने लांब रोखे विकत घेण्याची घोषणा केली: रोज ५०० कोटी पौंडांपर्यंत, एकूण ६,५०० कोटींपर्यंत, आणि १४ ऑक्टोबरला खरेदी बंद. प्रत्यक्षात घेतले ते फक्त १,९३० कोटींचे, आणि जानेवारी २०२३ पर्यंत ते विकूनही टाकले. मधल्या काळात ३ नोव्हेंबरला तिने दर पाऊण टक्का वाढवला. एका हाताने रोखे घेतले आणि दुसऱ्या हाताने दर चढवला. वरवर हे विसंगत दिसतं, पण मला ते बरोबर वाटलं. बाजार कोलमडू न देणं हे एक काम आहे आणि महागाई रोखणं दुसरं. पहिल्या कामाला शेवटची तारीख लावली म्हणून दुसऱ्यावर लोकांचा विश्वास टिकला. केंद्रीय बँक सरकारच्या कर्जासाठी रोखे घेतेय की बाजाराच्या दुरुस्तीसाठी, हे मी त्या तारखेवरून ओळखते. तारीख नसेल किंवा ती पुन्हा पुन्हा पुढे ढकलली जात असेल, तर लांब मुदतीच्या रोख्यांपासून मी अंतर ठेवते.

तर इथपर्यंतचं मिळून असं: तुमचा फंड पडला तो मुदतीमुळे, सरकार बुडण्याच्या भीतीने नव्हे. वाढतं कर्ज तुमच्यापर्यंत आधी पोचतं ते टर्म प्रीमियम आणि महागाई यांच्या रूपाने. आणि केंद्रीय बँक बाजार कोसळू देणार नाही हे जरी मानलं, तरी तुमच्या खरेदीचा भाव सांभाळणं हे तिचं काम नाही.

आता विकायचं की ठेवायचं. काही वर्षांपूर्वी एका न्यासाची रक्कम माझ्याकडे सल्ल्याला आली होती. पैसे तीन वर्षांनी बांधकामाला द्यायचे होते. विश्वस्तांना लांब रोखे हवे होते, कारण त्यांच्यावर थोडा जास्त यील्ड मिळत होता. मी तीन वर्षांत मुदत संपणारे रोखे सुचवले. शेवटी अर्धे-अर्धे असं ठरलं आणि ते मी मान्य केलं. मग २०२२ उजाडलं. अमेरिकेच्या रोखेबाजाराचा प्रमुख निर्देशांक त्या वर्षी १३ टक्के पडला, शेअरही पडले, आणि ‘शेअर पडले की रोखे सावरतात’ हा भरवसा त्या वर्षी कामाला आला नाही. तीन वर्षांच्या रोख्यांचे पैसे ठरलेल्या दिवशी पूर्ण आले. लांब रोखे तोट्यात विकावे लागले आणि बांधकामाचा एक भाग पुढे ढकलावा लागला. त्या बैठकीत मी अधिक ठाम राहायला हवं होतं, असं मला आजही वाटतं.

म्हणून माझा पहिला प्रश्न तारखेचा असतो. फंडाच्या मासिक माहितीपत्रकात ड्युरेशनचा आकडा दिलेला असतो. समजा तो ८ आहे आणि तुम्हाला पैसे आठ-दहा वर्षांनी लागणार आहेत. यील्ड ४ वरून ५ वर गेल्यामुळे फंड साधारण ८ टक्के पडला असेल, तर आता फंडातले पैसे दरवर्षी एक टक्का जास्त कमावतायत. तुम्ही थांबलात तर आठेक वर्षांत ती तूट जवळपास भरून निघते. अशा वेळी घाबरून विकणं म्हणजे तोटा पक्का करून वाढीव व्याजही सोडणं. पण पैसे दोन वर्षांनी लागणार असतील आणि ड्युरेशन १५ असेल, तर तो फंड तुमच्या कामाचा कधीच नव्हता. कालचा भाव परत येण्याची वाट न बघता, लागणारी तेवढी रक्कम तुमच्या तारखेच्या आसपास मुदत संपणाऱ्या रोख्यांत हलवा. खरेदीचा भाव किती होता, याला या निर्णयात काही स्थान नाही. बाजाराला तो माहीत नसतो.

दूरच्या पैशांसाठी महागाईची भीती वाटत असेल, तर महागाईशी जोडलेले सरकारी रोखे मिळतात का ते बघा. त्यांचं मुद्दल किंमत-निर्देशांकाबरोबर वाढतं. मात्र त्यांनाही ड्युरेशन असते. २०२२ मध्ये महागाई चढलेली असतानाही लांब मुदतीचे असे रोखे जोरात पडले, कारण खरे व्याजदरही (महागाई वजा करून उरणारे) चढले. त्यामुळे तारखेचा नियम त्यांनाही लागू आहे. सोन्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण मनात असेलच. त्यावर व्याज मिळत नाही आणि भाव कुठेही जाऊ शकतो, म्हणून ठरलेल्या तारखेच्या खर्चासाठी मी ते धरत नाही.

फंडाची ड्युरेशन, रोख्यांचं चलन आणि पैसे लागण्याचं साधारण वर्ष एवढं कळवलंत, तर किती भाग हलवावा आणि किती राहू द्यावा, याचा हिशोब मी आकड्यांत मांडून देते.